पडद्यामागचे पु. ल.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जे अनेक उपक्रम योजिले गेले, त्यांत तरुण मंडळींनी तयार केलेल्या एका लहानशा अनुबोधपटाचाही समावेश आहे. विषय आहे दूरचित्रवाणीचे संगीत. पडद्यावर बोलण्याचे, गाण्याचे काम तरुणांनी वाटून घेतले आणि पडद्यामागचे किरकोळ काम माझ्याकडे आले. तारखा पडताळून पाहणे, नावांची शुद्धलेखने तपासणे, परवानगीची पत्रे लिहिणे आणि चित्रीकरण आटोपल्यावर विजेच्या तारा गुंडाळणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत मसुदे लिहिणाऱ्या माणसाला याहून सोयीचे काम कोणते असणार!

मुलांनी केलेली यादी उत्तम होती. 1976 साली दूरदर्शन आकाशवाणीपासून स्वतंत्र झाले, त्या वेळची पंडित रविशंकरांची संकेतधून तीत होती. ‘मालगुडी डेज’ची एल. वैद्यनाथन यांची धून, 1987 मधील ‘रामायण’ मालिकेचे रवींद्र जैन यांचे संगीत, ‘गोट्या’ या मराठी मालिकेचे अशोक पत्की यांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत, आणि 1988 च्या स्वातंत्र्यदिनी प्रथम ऐकू आलेले, पंडित भीमसेन जोशींच्या स्वराने आरंभ होणारे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’, हे सारे होते. यादी वाचून झाल्यावर मी एवढेच सुचविले, की ज्या शहरात आपण राहतो त्या दिल्लीतच या माध्यमाचा आरंभ झाला आणि त्या आरंभाच्या दिवसांत एक संगीतज्ञ मराठी माणूस तेथे निर्माता म्हणून काम करीत होता, त्याचे नाव आरंभी यावे. ते नाव म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे.

मुले क्षणभर गोंधळली. पु. ल. म्हणजे विनोदी लेखक. त्यांचा दूरचित्रवाणीशी काय संबंध, आणि संगीताशी तरी किती? शिवाय एक व्यावहारिक अडचण होती. त्या पहिल्या दिवसांची एकही चित्रफीत त्यांच्या हाती लागली नव्हती. जे दाखविता येत नाही ते अनुबोधपटात कसे घ्यावयाचे? मुलांचा प्रश्न रास्त होता. त्यांना उत्तर म्हणून मी एक टिपण लिहावयास घेतले, आणि त्या टिपणाचाच हा लेख झाला आहे.

पु. लं.चा जन्म 8 नोव्हेंबर 1919 रोजी मुंबईत झाला. बालपण जोगेश्वरीत आणि नंतर पार्ल्यात गेले. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’चा त्यांनी अभंगांत अनुवाद केला होता. मराठी अभंग आणि बंगाली कविता या दोहोंचा संस्कार असा एकाच घरात झाला. पन्नाशी उलटल्यावर पु. ल. शांतिनिकेतनात बंगाली शिकावयास जाऊन राहिले, त्याचे मूळ या आजोळच्या संस्कारात शोधले तर चुकणार नाही. पार्ल्याच्या टिळक विद्यालयात शिक्षण चालू असतानाच पेटीचे वेड लागले. दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे त्यांनी पेटीचे धडे घेतले. नाट्यसंगीताचा तो काळ. बालगंधर्वांचे पद घराघरांत ऐकले जाई. मुलगा शाळेच्या पुस्तकांबरोबर ही पदेही बोटांनी पाठ करू लागला.

वडिलांच्या अकाली निधनानंतर घरची जबाबदारी तरुणपणीच अंगावर पडली. काही काळ त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली. शिकवण्या, गाण्याच्या मैफली, शाळेतील मास्तरकी असे नाना उद्योग करीत त्यांनी शिक्षण पुरे केले. पुण्याच्या फर्ग्युसन आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांशी त्यांचा विद्यार्थी म्हणून संबंध आला. 12 जून 1946 रोजी रत्नागिरीस सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात त्यांनी मराठीचे अध्यापन केले. सीमाभागातील जुनी माणसे त्यांच्याविषयी आजही आपुलकीने बोलतात ती काही केवळ पुस्तकांमुळे नव्हे.

1947 ते 1953 हा त्यांच्या आयुष्यातील चित्रपटांचा कालखंड. या सहा-सात वर्षांत त्यांनी अभिनय केला, कथा-संवाद लिहिले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्यांनी चाली बांधल्या. 1950 च्या ‘देव पावला’मध्ये माणिक वर्मा यांनी गायिलेले, कबीराच्या शेल्याचे गदिमांचे गीत त्यांनीच स्वरबद्ध केले. 1953 च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील ‘नाच रे मोरा’ हे गदिमांचे गीत आशा भोसले यांनी गायिले. ती चालही पु. लं.चीच. आपल्यापैकी कोणाच्या घरी लहान मूल या गाण्यावर नाचले नसेल? मूल दिल्लीत जन्मलेले असो, भोपाळला असो की परदेशी, त्याच्या कानावर पडणाऱ्या पहिल्या मराठी गाण्यांत हे गाणे असतेच. मात्र चाल कोणाची, असे विचारले तर दहांतील आठ घरांत उत्तर येणार नाही. त्याच वर्षीच्या ‘गुळाचा गणपती’मध्ये कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असा सगळा भार त्यांनी एकट्याने वाहिला. त्यातील ‘इंद्रायणी काठी’ हे गदिमांचेच गीत त्यांनी तरुण भीमसेन जोशींकडून गाऊन घेतले. पस्तीस वर्षांनी ज्या स्वराने अवघ्या देशाला दूरचित्रवाणीवरून एकत्र येण्याची साद घातली, तो स्वर मराठी चित्रपटातून घरोघरी नेणाऱ्यांत पु. ल. होते. यानंतर चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध जवळजवळ संपला.

1955 साली ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर रुजू झाले. येथे एक विलक्षण योग घडून आला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. 1940 सालापासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीचे सूर पक्के बांधलेले असतात, त्यांतून मींड काढता येत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, सबब हे परके वाद्य हिंदुस्थानी गायनाच्या साथीस योग्य नाही, असा तत्कालीन अधिकाऱ्यांचा व काही जाणकारांचा पक्ष होता. ही बंदी 1970 नंतर क्रमाक्रमाने सैल झाली. म्हणजे ज्या माणसाचे पहिले प्रेम पेटी, त्याने अशा खात्यात नोकरी धरली की जेथे पेटीला दारातूनच परत पाठवीत! दुसरा एखादा कडवट झाला असता. पु. लं.नी खात्याचे नियम खात्यापाशी ठेवले आणि पेटी आपल्या घरी, मित्रांच्या बैठकीत, वसंतराव देशपांड्यांच्या साथीस वाजत ठेवली. नभोवाणीसाठी त्यांनी नाट्य, श्रुतिका आणि संगीताचे कार्यक्रम उभे केले. मंगेश पाडगांवकरांची ‘शब्दावाचून कळले सारे’ आणि ‘माझे जीवन गाणे’ ही जितेंद्र अभिषेकींच्या कंठातून अजरामर झालेली गीते पु. लं.च्या स्वररचना आहेत. याच सुमारास नाटककार म्हणूनही त्यांचे नाव झाले. ‘तुझे आहे तुजपाशी’ 1957 साली रंगभूमीवर आले.

1958 साली त्यांना लंडनला बीबीसीकडे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी जाण्याची संधी मिळाली. पुढे फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी येथेही त्यांचा मुक्काम झाला. या प्रवासाचे फळ म्हणून ‘अपूर्वाई’ हे पुस्तक आपण सर्वांनी वाचले, हसत वाचले. परंतु ज्या कामासाठी तो प्रवास झाला, त्याची आठवण फारशा कोणी ठेवली नाही. परत आल्यावर ते दिल्लीस आले. 15 सप्टेंबर 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भारतातील दूरचित्रवाणीच्या प्रायोगिक प्रक्षेपणाचे उद्घाटन झाले. या माध्यमाच्या अगदी पहिल्या निर्मात्यांत पु. लं.ची गणना होते. पंतप्रधान पंडित नेहरूंची भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांच्याकडे दिला जातो.

त्या वेळच्या दूरचित्रवाणीची आज कल्पना करणेही कठीण आहे. संसद मार्गावरील आकाशवाणी भवनात तात्पुरता उभारलेला स्टुडिओ, दिल्ली व आसपासच्या मर्यादित टापूत पोहोचणारे क्षीण प्रक्षेपण, आणि आठवड्यातून दोनदा सुमारे तासभराचा कार्यक्रम. खाजगी घरांत संच जवळजवळ नव्हतेच. वस्त्यांतून संच ठेवीत आणि लोक जमून पाहत. दररोजचे प्रक्षेपण 1965 पासून सुरू झाले, आणि मुंबईला केंद्र निघावयास 2 ऑक्टोबर 1972 उजाडला. दूरचित्रवाणी तोवर आकाशवाणीचाच एक विभाग होती. माणसे नभोवाणीतून आलेली, त्यांना ऐकविण्याची सवय. दाखविण्याचे तंत्र सर्वांनाच नवे.

संगीताच्या बाबतीत तर ही अडचण अधिकच. नभोवाणीवर गवयाचा केवळ स्वर जातो. तो कसा बसला आहे, तान घेताना चेहरा कसा करतो, तंबोऱ्यावर कोण आहे, याची श्रोत्यांना चिंता नसते. दूरचित्रवाणीवर हे सगळे दिसू लागले. ध्वनिग्राहक गवयाच्या जवळ हवा, पण चित्रात येता कामा नये. दिव्यांचा प्रकाश भरपूर हवा, पण त्या दिव्यांच्या उष्णतेने तंबोऱ्याच्या तारा आणि तबल्याची पुडी सुरावरून ढळतात. समेवर येताना कॅमेरा गवयाकडे असावा की तबलजीकडे, हे ठरविणाऱ्याला सम कळली पाहिजे. आणि हे सर्व एकदाच, थेट. चूक झाली तर पुसून पुन्हा करण्याची सोय नाही. म्हणून अशा जागी बसणाऱ्या माणसाला यंत्राची माहिती असून भागत नाही. त्याला राग कळावा लागतो, गवयाचा स्वभाव कळावा लागतो, आणि प्रेक्षकाची नाडीही कळावी लागते. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात असणे दुर्मीळ; आणि ज्याच्यात त्या होत्या असा एक माणूस या देशात हे माध्यम जन्मत असताना दिल्लीत हजर होता, हे आपले भाग्य म्हटले पाहिजे.

मग त्या कामाचे काय उरले? खरे सांगायचे तर डोळ्यांना दिसेल असे फारसे काही उरले नाही. कार्यक्रम प्रक्षेपित झाले आणि हवेत विरले. पु. ल. दिल्लीत फार काळ रमले नाहीत. अल्पावधीतच सरकारी नोकरीचा निरोप घेऊन ते महाराष्ट्रात परतले. 1960 नंतरच्या दशकात ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘वाऱ्यावरची वरात’ या प्रयोगांनी त्यांना जी लोकप्रियता मिळाली, तिला मराठी रंगभूमीवर तोड नाही. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 1966 साली पद्मश्री, 1967 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1974 साली इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, 1990 साली पद्मभूषण. मिळालेल्या धनाचा मोठा भाग पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानामार्फत समाजाला परत दिला गेला. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहण्यास त्या प्रतिष्ठानाचे साहाय्य झाले. या सगळ्या व्यवहारामागे, प्रयोगांच्या शिस्तीमागे आणि हिशेबाच्या चोखपणामागे सुनीताबाई होत्या. पडद्यामागे कोणी तरी उभे राहिल्यावाचून पडद्यापुढचे काही उभे राहत नाही, हे पु. लं.च्या घरातच रोज दिसत असे. 12 जून 2000 रोजी पुण्यात पु. लं.चे निधन झाले. तो त्यांच्या विवाहाचा चौपन्नावा वाढदिवस होता.

आता थोडे स्वतःविषयी, वाचकांनी क्षमा करावी. माझे बालपण याच लक्ष्मीबाई नगरात, वडिलांना मिळालेल्या सरकारी निवासस्थानात गेले. झाशीच्या राणीचे नाव मिरविणाऱ्या या वसाहतीत आम्ही मराठी मुले शाळेत हिंदी, खेळताना पंजाबी आणि जेवताना मराठी बोलत असू. शेजारच्या काकांकडे काळा-पांढरा दूरचित्रवाणी संच होता. सायंकाळी संकेतधून वाजली की आम्ही चपला दाराशी काढून सतरंजीवर जागा धरावयास धावत असू. त्याच काकांकडे एक जुनी पेटीही होती, आणि तिच्यावर त्यांनी मला पहिले गाणे शिकविले ते ‘नाच रे मोरा’. मराठीचा दुसरा झरा म्हणजे सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या पु. लं.च्या ध्वनिफिती. त्या ऐकून आम्ही कधी न पाहिलेल्या चाळीतले रहिवासी झालो. संच, पेटी आणि ध्वनिफिती, या तिन्हींमागे एकच माणूस कोठे ना कोठे उभा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते या अनुबोधपटाच्या निमित्ताने तारखा जुळविताना ध्यानी आले.

बी. ए. झाल्यावर मला नोकरी लागली आणि पेटी मागे पडली. एका कार्यक्रमात नियमितपणे साथीला बसण्याचे बोलावणे एकदा आले होते. वडिलांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षे उरली होती, धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे होते. मी नकार कळविला. पु. लं.नी सरकारी नोकरी सोडली, मी ती धरून ठेवली. अनेक वर्षे हा विचार मला टोचत असे, की त्यांनी धाडस केले आणि आपण केले नाही. पण त्यांचे चरित्र नीट पाहिल्यावर ही टोचणी कमी झाली. नोकरीत असताना त्यांनी नोकरीचे काम मनापासून केले. ज्या खात्याने त्यांच्या वाद्याला मज्जाव केला, त्याच खात्याला त्यांनी चाली दिल्या. जे काम उद्या कोणाला दिसणार नाही हे ठाऊक होते, तेही हात राखून केले नाही. सोडावे की राहावे हा ज्याच्या त्याच्या परिस्थितीचा प्रश्न. पण राहिलो तितके दिवस काम कसे करावे, हे मात्र त्यांच्याकडून शिकता येते. माझे मसुदेही दुसऱ्याच्या सहीने बाहेर पडले. कोठे तरी एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन त्यांतील एका परिच्छेदामुळे सुरू झाले असेल. तिला माझे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही.

हे टिपण वाचून दाखविल्यावर मुले बराच वेळ गप्प होती. मग त्यांच्यातील एका मुलीनेच तोड काढली. चित्रफीत नाही तर नाही, अनुबोधपटाच्या आरंभी पु. लं.चे नाव, 1959 हे वर्ष आणि दिल्ली एवढी अक्षरे पडद्यावर यावीत आणि पाठीमागे ‘नाच रे मोरा’ची चाल वाजावी, केवळ पेटीवर. ज्या वाद्याला त्या काळी आकाशवाणीचे दार बंद होते, त्याच वाद्यावर.

पेटी वाजविणारा शोधण्याचे काम अर्थात माझ्याकडेच, पडद्यामागच्या माणसाकडे आले. दोन दिवस मी विचारपूस केली. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून काकांची पेटी उतरविली. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने ती मजकडे दिली होती. भाता दोन ठिकाणी फाटला होता, तो कापडाची पट्टी लावून दुरुस्त केला. बोटे प्रथम जड पडली, तार सप्तकातील एक सूर दबला की वर येईना; पण चाल बोटांना आठवत होती. दीड मिनिटाचे ध्वनिमुद्रण तीन प्रयत्नांत झाले. मुलांनी ते एका लहानशा यंत्रावर टिपून घेतले आणि लगेच ऐकविले. पहिल्या निर्मात्यांना जी सोय नव्हती, ती आज शाळकरी पोराच्या खिशात आहे.

श्रेयनामावलीत माझे नाव घालावे काय, असे मुलांनी विचारले. मी नको म्हटले. परंतु त्यांनी ऐकले नाही. अनुबोधपट समारंभाच्या दिवशी आपण सर्व पाहालच. आरंभीची ती दीड मिनिटे कृपया बोलू नये, एवढीच विनंती. आणि घरी गेल्यावर, मूल ज्या गाण्यावर नाचते त्याची चाल कोणाची, हे त्याला अवश्य सांगावे.